टोरी बेटाजवळचे बारा तास : ‘ऑडेशस’ युद्धनौकेचं प्रकरण

पार्श्वभूमी

‘ऑडेशस’ ही ब्रिटिश युद्धनौका १९१३च्या ऑक्टोबरात नौदलात दाखल झाली आणि १९१४च्या ऑक्टोबरात आयर्लंडच्या उत्तरेला समुद्राच्या तळाशी गेली. जेमतेम वर्षभराची कारकीर्द. तेवढ्यात तिने शत्रूच्या एकाही जहाजावर तोफ डागली नाही, कारण शत्रूचं जहाज तिच्या नजरेलाच पडलं नाही. तरीही निर्णय कसे होतात आणि कसे चुकतात हे समजून घ्यायचं असेल, तर मोठमोठ्या लढाया गाजवलेल्या जहाजांपेक्षा ही बोट जास्त शिकवते असं माझं मत आहे.

बोट साधीसुधी नव्हती. ‘किंग जॉर्ज पंचम’ वर्गातल्या चार भावंडांपैकी ती एक. बर्कनहेडच्या कॅमेल लेअर्ड गोदीत बांधलेली, १४ सप्टेंबर १९१२ला पाण्यात सोडलेली. साडेतेरा इंची दहा तोफा, दोन-दोनच्या पाच बुरुजांत. कमरेभोवती बारा इंच जाडीचा पोलादी पट्टा. त्या काळच्या भाषेत ‘सुपर ड्रेडनॉट’, म्हणजे सगळ्या मुख्य तोफा एकाच मोठ्या मापाच्या असलेल्या ‘ड्रेडनॉट’ जातीच्या युद्धनौकांतली आणखी ताकदवान. समोरून येणाऱ्या तोफगोळ्याचा विचार या बोटीच्या आराखड्यात भरपूर केलेला होता. खालून येणाऱ्या धक्क्याचा त्या मानाने फारच कमी.

पहिलं महायुद्ध सुरू होऊन तीन महिने व्हायचे होते. सर जॉन जेलिको यांच्या हाताखालचा ‘ग्रँड फ्लीट’, म्हणजे ब्रिटनचा मुख्य लढाऊ ताफा, स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला स्कापा फ्लो इथे असायचा. पण त्या बंदराला पाणबुड्या अडवणारी सोय नव्हती, आणि पाणबुडीची धास्ती तर सगळ्यांच्या डोक्यात बसलेली. त्याला कारणही तसंच होतं. २२ सप्टेंबरला यू-९ या एकट्या जर्मन पाणबुडीने ‘अबुकीर’, ‘हॉग’ आणि ‘क्रेसी’ या तीन क्रूझर तासा-दीड तासात बुडवल्या होत्या. १,४५९ माणसं गेली. पहिल्या बोटीला फटका बसला तेव्हा दुसरी तिच्या माणसांना उचलायला थांबली, मग तिसरी थांबली, आणि थांबलेली प्रत्येक बोट आयती सावज ठरली. त्यानंतर ॲडमिरल्टीने, म्हणजे ब्रिटिश नौदलाचा कारभार पाहणाऱ्या खात्याने, हुकूम काढला: एखाद्या बोटीला फटका बसला, तर मोठ्या बोटींनी मदतीला थांबायचं नाही, निघून जायचं. १५ ऑक्टोबरला त्याच पाणबुडीने ‘हॉक’ ही क्रूझर बुडवली. ती बुडाली आणि पाचशेवर माणसं मेली. जेलिकोंनी ताफा आणखी पश्चिमेला, आयर्लंडच्या लॉख स्विली नावाच्या खाडीत हलवला. इथवर पाणबुडी पोचणार नाही हा हिशोब.

तो हिशोब बरोबर होता. पाणबुडी तिथे आलीच नाही. आली ती ‘बर्लिन’.

‘बर्लिन’ हे एक जर्मन प्रवासी जहाज, युद्धासाठी सुरुंग पेरायला सज्ज केलेलं. तिच्या कॅप्टनने, हान्स फुंडहेलरने, २२-२३ ऑक्टोबरच्या रात्री टोरी बेटाच्या परिसरात सुमारे २०० पाणसुरुंग सोडले आणि तो निघून गेला. त्याला मारायची होती अमेरिका-लिव्हरपूल मार्गावरची व्यापारी जहाजं. ब्रिटनचा सगळ्यात बलाढ्य ताफा शेजारच्याच खाडीत नांगर टाकून आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. (साध्या दिसणाऱ्या जहाजातून गुपचूप सुरुंग पेरायची ही जर्मन रीत पुढे आपल्याही दाराशी आली. १९१७च्या फेब्रुवारीत ‘वोल्फ’ने मुंबईजवळच्या समुद्रात असेच सुरुंग टाकले, आणि जूनमध्ये पी अँड ओ कंपनीची ‘मंगोलिया’ त्यांतल्याच एकाने बुडाली.)

२६ ऑक्टोबरला ‘मँचेस्टर कॉमर्स’ हे मालवाहू जहाज टोरी बेटाजवळ सुरुंगावर गेलं आणि बुडालं. कॅप्टनसह चौदा जण गेले. वाचलेल्यांना एका मासेमारी ट्रॉलरने उचललं. म्हणजे या पाण्यात सुरुंग आहेत हे सांगू शकणारी माणसं होती, जिवंत होती, पण ती एका ट्रॉलरवर होती. लॉख स्विलीतल्या ताफ्याला यातलं काहीही कळलं नाही.

काय घडलं

२७ ऑक्टोबर, मंगळवार. व्हाइस ॲडमिरल सर जॉर्ज वॉरेंडर यांची दुसरी बॅटल स्क्वाड्रन (ताफ्यातल्या युद्धनौकांची एक तुकडी) तोफांच्या सरावासाठी टोरी बेटाकडे निघाली. सरावच होता, त्यामुळे ‘ऑडेशस’वर लढाईची सज्जता नव्हती. बोटीच्या पोटातली पाणी अडवणारी दारं, झाकणं सगळी आवळून बंद केलेली नव्हती, आणि काही झालंच तर धावून जाणाऱ्या तुकड्या आपापल्या जागी उभ्या नव्हत्या. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे चौकशीत याचाच उल्लेख आला.

सकाळी पावणेनऊला वळण घेत असताना बोटीच्या डाव्या बाजूला, मागच्या अर्ध्यात, इंजिनघराच्या अंगाला स्फोट झाला.

कॅप्टन सेसिल डॅम्पियर यांनी ताबडतोब पाणबुडीचा इशारा चढवला. पाच आठवड्यांत चार क्रूझर गमावलेल्या नौदलाच्या कप्तानाला पाण्याखालून धक्का बसल्यावर दुसरं काय सुचणार? पण हाच या प्रकरणातला पहिला आणि सगळ्यात महाग पडलेला निर्णय. निर्णय म्हणण्यापेक्षा निदान म्हणू. त्या निशाणाकडे पाहून स्क्वाड्रनच्या बाकी युद्धनौका हुकुमाप्रमाणे वळल्या आणि दूर निघून गेल्या. ‘लिव्हरपूल’ ही क्रूझर तेवढी जवळ राहिली.

क्षणभर थांबून हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा. आजूबाजूला सुमारे दोनशे सुरुंग पेरलेले. त्या पाण्यातून जगातल्या सर्वांत महागड्या युद्धनौका, पाणबुडीपासून दूर पळण्यासाठी, भरधाव जाताहेत. एकीलाही धक्का लागला नाही. याला नशीब म्हणायचं, दुसरं काही नाही.

अडचण नेमकी काय होती

स्फोटाने डावं इंजिनघर भरलं. बोट दहा-पंधरा अंश डावीकडे कलली. उजव्या बाजूचे कप्पे मुद्दाम पाण्याने भरून पावणेदहापर्यंत तो कल नऊ अंशांवर आणला गेला. मधलं आणि उजवं इंजिनघर चालू होतं. बोट नऊ नॉटने (ताशी नऊ सागरी मैलांनी) पुढे सरकू शकत होती. किनारा सुमारे २५ मैलांवर होता.

कागदावर हे जुळतं. तीन तास ही गती टिकली, तर बोट उथळ पाण्यात नेऊन रुतवता येईल, मग सावकाश काय ते पाहता येईल.

पण पाणी एका जागी थांबत नव्हतं. नंतरच्या चौकशीत जे निघालं ते कारखान्यात काम केलेल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. पोलादी भिंती ठीक होत्या. पण त्या भिंतींतून पाइप जातात, झडपांचे दांडे जातात, हवेच्या नळ्या जातात. पाइप जिथून भिंत ओलांडतो तिथलं सील नीट नाही. एखादा पाइप धक्क्याने मोडलेला. एखादं झाकण बसतं, पण पुरतं बसत नाही. दार बंद आणि दाराच्या बाजूला बोटभर फट, असा तो प्रकार. नकाशावर बोटीचे जितके जलरोधक कप्पे दिसत होते, तितके प्रत्यक्षात नव्हतेच. इंजिनांना गार करणारे मोठे पंप पाणी उपसायला लावायचाही प्रयत्न झाला, पण ते जोडून होईपर्यंत पाणी वर आलेलं.

पंधरा मैल कापून झाले. मग मधलं आणि उजवं इंजिनघरही सोडावं लागलं. दहा पन्नासला बोट थांबली.

समोर असलेले पर्याय

या क्षणी डॅम्पियर आणि खाडीत बसलेले जेलिको यांच्यापुढे जे मार्ग होते, ते आज शांतपणे मांडता येतात. तेव्हा ते असे रांगेत उभे नव्हते.

एक, बोट सोडून द्यायची. समुद्र खवळलेला होता, होड्या उतरवणं अवघड होतं, पण माणसं वाचली असती. ड्रेडनॉट वर्गाची एकही बोट ब्रिटनने अजून गमावली नव्हती. पहिली गमावणारा कप्तान आपण, ही कल्पना कुणाला सहन होईल?

दोन, दुसऱ्या युद्धनौकेने ओढून न्यायचं. एवढं अंगभर पाणी भरलेलं धूड ओढायला तितक्याच ताकदीची, जाड दोर आणि सवयीची माणसं असलेली बोट लागते. अशा बोटी लॉख स्विलीत नांगरावर होत्या. पण पाणबुडी आहे असं मानलं, की मंद गतीने ओढणारी युद्धनौका म्हणजे दुसरी ‘हॉग’. जेलिकोंनी हा मार्ग सकाळीच बंद केला. विनाशिका पाठवल्या, टग पाठवले, सापडेल ते लहानसहान पाठवलं. मोठी युद्धनौका एकही नाही.

तीन, लहान बोटींनी जमेल तसं ओढायचं आणि पंपांवर विसंबायचं.

दुसरा पर्याय बाद झाला तो पुराव्यामुळे नाही. पाणबुडी कुणी पाहिलेली नव्हती, पाणतीराची (टॉर्पेडोची) रेघ कुणी पाहिलेली नव्हती. तो बाद झाला पहिल्या काही मिनिटांत लावलेल्या एका चिठ्ठीमुळे. ‘पाणबुडी’ ही चिठ्ठी एकदा चिकटली आणि मग आठ तास कुणी तिच्याकडे पुन्हा पाहिलंच नाही. जेलिकोंवर मी हा आरोप म्हणून करत नाही. जी माहिती हाताशी होती तिच्यावर त्यांचा निर्णय चोख होता. एक बोट वाचवायला जाऊन दोन गमावणं म्हणजे काय, हे महिनाभरापूर्वीच १,४५९ घरांनी पाहिलं होतं. फक्त, त्या निर्णयाच्या खाली असलेली समजूत तपासायचं काम कुणाकडे दिलेलं नव्हतं.

काय केलं गेलं

डॅम्पियर यांनी गरज नसलेली माणसं उतरवायला सुरुवात केली. बोटीवर सुमारे नऊशे जण होते. ‘लिव्हरपूल’च्या, विनाशिकांच्या होड्या लाटांतून ये-जा करत राहिल्या. दुपारी दोनपर्यंत बोटीवर अडीचशे माणसं उरली.

तेवढ्यात क्षितिजावर चार धुराडी दिसली. न्यूयॉर्कहून निघालेली ‘ऑलिंपिक’ ग्लासगोच्या वाटेवर होती. ‘टायटॅनिक’ची सख्खी थोरली बहीण. कॅप्टन हर्बर्ट हॅडॉक यांनी मदत देऊ केली आणि ती घेतली गेली. ज्या पाण्यात पाणबुडी आहे म्हणून युद्धनौका येत नव्हत्या, त्याच पाण्यात ४५,००० टनांचं, प्रवासी घेऊन निघालेलं, बचावाला एक बंदूकही नसलेलं जहाज आलं आणि ‘ऑडेशस’पुढे उभं राहिलं. प्रवासी कठड्याला टेकून फोटो काढत होते. एकाने तर चलच्चित्रही घेतलं.

‘फ्यूरी’ या विनाशिकेने दोर नेऊन दिला. लाटांत वर-खाली होणाऱ्या दोन डोंगरांच्या मध्ये छोटी विनाशिका तारेचा दोर घेऊन गेली आणि अर्ध्या तासात तो दोन्हीकडे बांधला गेला. नाविकांना यातलं कौशल्य कळेल. दोर ताणला गेला. ‘ऑडेशस’ हलली. काही काळ वाटलं असेल की जमलं. मग तिचं तोंड वाऱ्याकडे फिरू लागलं. सुकाणू ताब्यात नव्हतं, मागचा भाग पाण्याने जड झालेला, त्यामुळे फिरणारी बोट कुणाला आवरेना. दोर तुटला.

पुन्हा दोर दिला गेला. आता ‘लिव्हरपूल’ने ओढायचा प्रयत्न केला, मग ‘थॉर्नहिल’ या कोळसा वाहणाऱ्या जहाजाने. दोन्ही फसले. एवढ्या वेळात पहिल्या बॅटल स्क्वाड्रनचे व्हाइस ॲडमिरल सर लुईस बेली येऊन जागेवरची सूत्रं हातात घेऊन होते.

संध्याकाळी पाचच्या सुमारास दोन गोष्टी एकदम घडल्या. ‘ऑडेशस’चा मागचा डेक पाण्याखाली जाऊ लागला होता, आणि डॅम्पियर यांनी पन्नास जण सोडून बाकी सगळ्यांना उतरवलं. त्याच वेळी खाडीत जेलिकोंच्या हाती बातमी आली: काल याच भागात ‘मँचेस्टर कॉमर्स’ सुरुंगाने बुडाली, आणि दुसऱ्या एका शिडाच्या जहाजालाही रात्री सुरुंग लागला. म्हणजे पाणबुडी नव्हतीच. जेलिकोंनी पाच वाजता ‘एक्समाउथ’ या जुन्या युद्धनौकेला ओढायला निघण्याचा हुकूम दिला.

सकाळी पावणेनऊला जो हुकूम देता आला असता, तो संध्याकाळी पाचला निघाला. ऑक्टोबरच्या शेवटी त्या अक्षांशावर पाचला उजेड किती उरलेला असतो ते वेगळं सांगायला नको.

सव्वासहाला बेली, डॅम्पियर आणि उरलेले पन्नास जणही उतरले. अंधारात, तशा समुद्रात, पाणी चढत असलेल्या बोटीवर माणसं ठेवण्यात अर्थ नव्हता. हा निर्णय मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत स्वच्छ वाटतो. ‘एक्समाउथ’ जवळ येत असताना तो घेतला गेला, म्हणजे आशा दारात उभी असताना. आणखी तासभर थांबून पाहू असं म्हणण्याचा मोह किती असेल! तो आवरला गेला.

परिणाम

रात्री पावणेनऊला, स्फोटानंतर बरोबर बारा तासांनी, ‘ऑडेशस’ एका बाजूला झुकली, क्षणभर थांबली आणि उलटी झाली. पुढचं टोक वर काढून पालथी तरंगत राहिली. नऊच्या सुमारास तिच्या पोटात प्रचंड स्फोट झाला, त्यामागोमाग आणखी दोन. बहुधा उलट्या बोटीत तोफगोळे जागचे निसटून आदळले, फुटले आणि दारूगोळ्याच्या कोठाराने पेट घेतला. मग ती बुडाली.

त्या स्फोटात उडालेला चिलखती पत्र्याचा एक तुकडा सुमारे सातशे तीस मीटर दूर उभ्या असलेल्या ‘लिव्हरपूल’च्या डेकवर पडला आणि तिथला एक पेटी ऑफिसर ठार झाला. ‘ऑडेशस’ गमावण्यात गेलेला हा एकमेव जीव, आणि तो ‘ऑडेशस’वरचा नव्हता.

माणसांच्या हिशोबाने पाहिलं तर हे यशच म्हणावं लागेल. नऊशे माणसं, खवळलेला समुद्र, तासन्‌तास चाललेली ये-जा, आणि बोटीवरचा एकही दगावला नाही.

दुसरा परिणाम कागदावर दिसतो. तीन दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, जेलिकोंनी ॲडमिरल्टीला पत्र लिहून आपली युद्धनीती स्पष्ट केली: लढाईत शत्रूचा ताफा पाठ फिरवून पळू लागला तर तो आपल्याला सुरुंगांवर आणि पाणबुड्यांवर ओढतो आहे असं मी धरेन आणि त्याच्या मागे जाणार नाही. ॲडमिरल्टीने ते मान्य केलं. १९१६च्या मे महिन्यात उत्तर समुद्रातल्या जटलंडच्या लढाईत पाणतीरांचा हल्ला आला तेव्हा ते ताफा घेऊन दूर वळले, आणि त्यावरून त्यांच्यावर आयुष्यभर टीका झाली. टोरी बेटाजवळचा तो मंगळवार माहीत असलेल्या माणसाला ती टीका थोडी सोपी वाटते.

तिसरा परिणाम सरकारी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ब्रिटनने सगळा उत्तर समुद्र लष्करी क्षेत्र म्हणून जाहीर केला, आणि कारण देताना आयर्लंडच्या उत्तरेला व्यापारी मार्गावर पेरलेल्या सुरुंगांकडे बोट दाखवलं. ‘बर्लिन’ मात्र नॉर्वेच्या ट्रॉन्डहेम बंदरात पोचली आणि तिथे तिला अडकवून ठेवण्यात आलं. परत जर्मनीला जाणं तिला जमलं नाही.

दुसरा निर्णय : गप्प बसायचा

बोट बुडाली त्या आठवड्यात लंडनमध्ये गोंधळ होता. फर्स्ट सी लॉर्ड (नौदलाचे प्रमुख) प्रिन्स लुईस ऑफ बॅटेनबर्ग जर्मन वंशावरून उठलेल्या आरोळ्यांनी वैतागून पायउतार होत होते आणि त्यांच्या जागी म्हातारे लॉर्ड फिशर परत येत होते. तुर्कस्तान युद्धात उतरण्याच्या उंबरठ्यावर होतं. जर्मन ताफ्यावरची ब्रिटिश आघाडी त्या दिवसांत बोटांवर मोजण्याइतकी होती, त्यातही काही बोटींची दुरुस्ती चाललेली. अशा वेळी एक सुपर ड्रेडनॉट गेली हे जर्मनांना कळू द्यायचं का?

जेलिकोंनी विनंती केली की कळू देऊ नये. ॲडमिरल्टीने आणि मंत्रिमंडळाने होकार दिला. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी बातमी छापली नाही. ताफ्याच्या याद्यांत ‘ऑडेशस’चं नाव युद्ध संपेपर्यंत असं चालू राहिलं, जणू ती कुठेतरी गस्त घालते आहे.

अडचण होती ‘ऑलिंपिक’वर. शेकडो डोळ्यांनी सगळं पाहिलेलं, आणि त्यांत बरेच अमेरिकन, म्हणजे ब्रिटिश कायद्याच्या आवाक्याबाहेरचे. जहाज २ नोव्हेंबरपर्यंत लॉख स्विलीत अडकवून ठेवलं. कुणाला उतरू दिलं नाही, फक्त एका प्रवाशाला सवलत मिळाली. बेथलेहेम स्टीलचे चार्ल्स श्वाब. त्यांना लंडनला ॲडमिरल्टीशी कंत्राटाचं बोलायचं होतं. गुपित राखायच्या नियमाला पहिली फट पाडली ती ज्यांच्या कंपनीकडून पोलाद नि पाणबुड्या घ्यायच्या होत्या त्यांनी, हे मला मोठं गमतीदार वाटतं.

नोव्हेंबरच्या मध्याला अमेरिकन वर्तमानपत्रांत फोटो आले. १९ तारखेपर्यंत जर्मनांना खात्रीचं कळलं होतं. म्हणजे खरं गुपित टिकलं साधारण तीन आठवडे. पुढची चार वर्षं जे लपवलं गेलं ते फक्त ब्रिटिश जनतेपासून.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी बातमी. ‘मँचेस्टर कॉमर्स’ बुडाल्यापासून ‘ऑडेशस’ला धक्का लागेपर्यंत एक अख्खी रात्र मध्ये होती. त्या काळच्या मासेमारी ट्रॉलरवर बहुतेक वेळा बिनतारी यंत्र नसायचं, त्यामुळे बातमी समुद्रातून थेट उडून येणं शक्य नव्हतं. पण नवीन पाण्यात ताफा आणल्यावर, तिथे सरावाला जायच्या आधी ते पाणी झाडून घेणं, निदान किनाऱ्यावरच्या ठाण्यांकडे काल काय झालं ते विचारणं, हे जमण्यासारखं होतं. ताफा ज्या धोक्यापासून पळाला होता त्याकडेच सगळ्यांचं लक्ष होतं. पाणबुडी इथे येणार नाही एवढं कळल्यावर हे पाणी सुरक्षित आहे असं मनाने परस्पर ठरवून टाकलं.

मग दारं. सरावाला जाताना लढाईची सज्जता नसावी हा त्या वेळचा प्रघात, एकट्या डॅम्पियर यांची चूक नव्हे. स्फोट झाला तेव्हा झाकणं उघडी होती, पण पाणी पोचायच्या आत ती सगळी बंद केली असं अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरंही असेल. मात्र शांतपणे बंद केलेलं झाकण आणि कललेल्या, अंधाऱ्या बोटीत घाईने बंद केलेलं झाकण यांत फरक असतो. तुलनेला ‘मार्लबरो’ आहे. जटलंडला या जवळच्या जातीच्या युद्धनौकेला असाच पाण्याखाली पाणतीर लागला. ती सज्ज होती, दारं आवळलेली होती, तुकड्या जागेवर होत्या. ती घरी पोचली. दोन बोटी आणि दोन फटके अगदी सारखे नसतात हे मान्य, पण हे उदाहरण बाजूला सारण्यासारखं नाही.

आणि दुपार. माझ्या मते सगळ्यात मोठी फट इथेच आहे. दहा पन्नासला बोट थांबली. तोवर दोन तास झाले होते, दुसरा पाणतीर आला नव्हता. ‘लिव्हरपूल’ दोन तास आजूबाजूला फिरत होती आणि तिला कुणी हात लावला नव्हता. दीडला ‘ऑलिंपिक’ येऊन थांबली, तासभर जवळजवळ उभी राहिली, तिलाही काही झालं नाही. सप्टेंबरमध्ये यू-९ने थांबलेल्या बोटींवर एकामागून एक पाणतीर सोडले होते. ही पाणबुडी मात्र आयतं ‘ऑलिंपिक’सारखं सावज समोर असूनही गप्प? दुपारी दोनच्या सुमारास कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं की सकाळचं निदान चुकलं असावं. बातमीची वाट न पाहताही. तेव्हा ‘एक्समाउथ’ निघाली असती, तर तीन तासांचा उजेड हातात असता. ‘ऑडेशस’ वाचलीच असती असं मी म्हणत नाही. पाणी ज्या वेगाने चढत होतं ते पाहता कदाचित नाहीच. पण दोर तुटण्याच्या तीन प्रयत्नांपैकी एकही खऱ्या युद्धनौकेने केलेला नव्हता, आणि ती संधीच तिला मिळाली नाही.

गुपिताबद्दल मात्र मी अजून पक्का नाही. जर्मन ॲडमिरल राइनहार्ट शेर यांनी पुढे लिहिताना याला चक्क दाद दिली आहे: आपली कमजोरी शत्रूला न दाखवणं बरोबरच, कारण समोरच्याचं नेमकं बळ कळलं तर निर्णयावर त्याचा परिणाम होतो. जर्मनांच्या हिशोबाने पाहिलं तर ते पहिले तीन आठवडे मोलाचे होते. त्यानंतरची चार वर्षं मात्र समजत नाहीत. शत्रूला माहीत, अमेरिकेला माहीत, ताफ्यातल्या प्रत्येक खलाशाला माहीत, आणि तरी यादीत नाव. वर्तमानपत्रांनी एकदा असं गप्प बसलं, की पुढच्या प्रत्येक खऱ्या बातमीवरही लोक डोळे बारीक करतात.

युद्ध थांबल्यावर तीन दिवसांनी, १४ नोव्हेंबर १९१८ला, लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये ‘ऑडेशस’बद्दल एक छोटं निवेदन आलं. मथळ्यात ‘उशिरा केलेली घोषणा’ असे शब्द होते. २७ ऑक्टोबर १९१४ला ही बोट आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यापाशी सुरुंग लागून बुडाली, ग्रँड फ्लीटच्या सरसेनापतींच्या तातडीच्या विनंतीवरून ही गोष्ट गुप्त ठेवली होती, आणि वर्तमानपत्रांनी निष्ठेने तिला प्रसिद्धी दिली नाही, असं त्यात म्हटलं होतं. ‘ऑलिंपिक’च्या कठड्यावरून घेतलेले फोटो तोवर चार वर्षांचे जुने झाले होते.